उचल, टोळी आणि युरोपची बंदी: द्राक्ष पॅकहाऊसने नेमकं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड भागातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसला नेदरलँड्सच्या खरेदीदाराकडून लांबलचक प्रश्नावली आली आहे. १४ डिसेंबर २०२७ पासून सक्तीच्या श्रमातून तयार झालेला माल युरोपात विकता येणार नाही, तेव्हा तुमच्याकडे तसे श्रम नाहीत हे दाखवा, असं तिच्यात म्हटलंय. पॅकहाऊसचं म्हणणं असं की, पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या स्वखुशीने येतात, उचल (कामाआधीची आगाऊ रक्कम) घेतात, हंगाम करून घरी जातात, यात सक्ती कुठे आली? आणि असलं प्रमाणपत्र मिळतं तरी कुठे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. असं प्रमाणपत्र कुठेच मिळत नाही. युरोपीय संघाचा नियम २०२४/३०१५ कुठल्याही ऑडिटला ‘हा कागद असला की माल सुटला’ असा दर्जा देत नाही. ग्लोबलगॅप या शेतीच्या प्रमाणपत्रासोबत येणारं ग्रास्प किंवा सेडेक्सचं स्मेटा ही मजुरांच्या स्थितीची ऑडिटं, यांचा उपयोग आहे, नोंदी ठेवायची शिस्त लागते. पण ऑडिटर एक-दोन दिवस येतो आणि बहुतेक वेळ पॅकहाऊसमध्ये घालवतो. टोळी तेव्हा बारा किलोमीटरवर कुणाच्या तरी बागेत विरळणी (घडातले जास्तीचे मणी काढणं) करत असते. धोका तिथे आहे आणि नोंद मात्र इथे आहे. सगळी अडचण या दोन ठिकाणांमधल्या अंतराची आहे.

नियमात काय आहे ते नीट समजून घ्या, कारण सल्लागारांच्या पत्रकांमधून बरंच अर्धवट फिरतंय. हा नियम २७ नोव्हेंबर २०२४ चा, १३ डिसेंबर २०२४ ला अंमलात आला आणि प्रत्यक्ष बंदी १४ डिसेंबर २०२७ पासून लागू होते. तो सगळ्या वस्तूंना, सगळ्या देशांना आणि लहान-मोठ्या सगळ्या व्यापाऱ्यांना लागू आहे. लागवड, काढणी, प्रक्रिया, पॅकिंग यांपैकी कोणत्याही टप्प्यावर, अंशतः जरी सक्तीचे श्रम वापरले गेले असतील तरी तो माल बंदीत येतो. ‘आम्ही फक्त पॅक करतो, बाग शेतकऱ्याची’ ही सबब त्यात बसत नाही. ऑनलाइन विक्रीही त्यात धरली आहे.

चौकशी कशी चालते? संशय युरोपबाहेरच्या श्रमांबद्दल असेल तर चौकशी युरोपीय आयोग करतो, युरोपातल्या श्रमांबद्दल असेल तर त्या देशाची यंत्रणा करते. आधी प्राथमिक टप्पा. आयातदाराला विचारलं जातं की, सक्तीचे श्रम शोधायला आणि थांबवायला तुम्ही काय केलं, आणि उत्तराला ३० कामकाजाचे दिवस मिळतात. शंका पक्की वाटली तर औपचारिक चौकशी, तिच्यात माहिती द्यायला ३० ते ६० कामकाजाचे दिवस, आणि निर्णय साधारण नऊ महिन्यांत व्हावा अशी अपेक्षा. निर्णय विरोधात गेला तर माल बाजारातून काढून घ्यावा लागतो. नाशवंत माल आधी धर्मादाय किंवा लोकोपयोगी कामासाठी द्यायचा, ते शक्य नसेल तर नष्ट करायचा. नंतर सक्तीचे श्रम खरोखर बंद केल्याचं दाखवलं तर निर्णयाचा फेरविचार मागता येतो.

सीमाशुल्काकडे माल अडवला गेला तर यंत्रणेने चार कामकाजाच्या दिवसांत अडवणूक पुढे चालू ठेवा असं कळवायचं असतं, नाही कळवलं तर माल सुटतो. नाशवंत मालासाठी ही मुदत दोन दिवसांची आहे. द्राक्षवाल्यांना ही सवलत वाटते, पण तिचा अर्थ नीट घ्या. रॉटरडॅमला कंटेनर थांबला आणि खरेदीदाराने फोन केला की, अमुक प्लॉटवर कोणत्या टोळीने काम केलं, मजुरी कशी दिली, तर उत्तर द्यायला तुमच्या हातात एक दिवस असतो. त्या दिवशी वही शोधायला बसणारा निर्यातदार हरतो.

सिद्ध करण्याची जबाबदारी युरोपच्या नियमात यंत्रणेवर आहे. पण विचारलेली माहिती दिली नाही किंवा खोटी दिली, तर हाती असेल त्या माहितीवर निर्णय देण्याची मुभा तिला आहे. अमेरिकेचं वेगळं आहे. तिथे १९३० च्या टॅरिफ कायद्याच्या कलम ३०७ ने ही बंदी तेव्हापासूनच आहे. ‘देशात पुरेसा माल होत नसेल तर आयात चालेल’ ही पळवाट २०१६ मध्ये बंद झाल्यावर तिला खरे दात आले. त्यात वाजवी संशय पुरेसा असतो, माल अडतो, आणि आयातदाराला तो परत पाठवावा लागतो किंवा तीन महिन्यांत पुरावा द्यावा लागतो. चीनच्या शिनजियांग प्रांताबाबतचा २०२१ चा कायदा, जो २१ जून २०२२ पासून लागू झाला, आणखी कडक आहे. तिथला धागाही मालात असेल तर तो सक्तीच्या श्रमाचा आहे असं गृहीत धरूनच सुरुवात होते. कॅनडाने १ जुलै २०२० पासून बंदी आणली. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात मात्र मालावर बंदी नाही. ३६ दशलक्ष पौंडांच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांनी दरवर्षी निवेदन द्यायचं, एवढंच. म्हणून ब्रिटिश सुपरमार्केटची प्रश्नावली आणि डच आयातदाराची प्रश्नावली दिसायला सारखी असली तरी त्यांच्यामागचं वजन सारखं नाही.

आता तारखेबद्दल एक गोष्ट, जी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. १४ डिसेंबर २०२७ ही माल युरोपच्या बाजारात ठेवण्याची तारीख आहे, मजुरी करण्याची नाही. जानेवारी २०२८ मध्ये जाणाऱ्या पहिल्या कंटेनरमधल्या घडाचं काम एप्रिल २०२७ च्या खरड छाटणीपासून (हंगाम संपल्यावरची छाटणी) सुरू होतं. मग ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठीची), पेस्ट (डोळे फुटण्यासाठी लावायचं औषध), फेलफूट (नको असलेली फूट) काढणं, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी. त्या ऑक्टोबरच्या टोळीची उचल पावसाळ्यात, आवणी (भाताची लावणी) उरकल्यावर हात रिकामे असताना, पोळ्याच्या आसपास दिली जाते. म्हणजे २०२७ च्या उन्हाळ्याआधी तुमची पद्धत बदललेली हवी, आणि एक हंगाम तालीम म्हणून आधीच काढलेला हवा.

सक्ती कुठे आली, हा खरा प्रश्न. युरोपचा नियम व्याख्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या २९ व्या करारातून घेतो, आणि भारताने तो करार १९५४ मध्येच मान्य केलेला आहे. व्याख्येचे दोन भाग आहेत: काम कसल्यातरी शिक्षेच्या धाकाने करून घेतलं जातं, आणि माणसाने ते स्वतःहून देऊ केलेलं नसतं. शिक्षा म्हणजे मारहाणच असं नाही. अडकलेली मजुरी बुडेल, उचलीपायी घरच्यांना त्रास होईल, पुढच्या साली कुणी कामाला नेणार नाही, हेही धाकच. आणि स्वखुशी एकदा दिली म्हणजे कायमची दिली असं होत नाही. येताना हसत आलेल्या माणसाला महिन्याने परत जायचं असेल आणि जाता येत नसेल, तर तिथून पुढचं काम स्वखुशीचं राहत नाही. ‘स्वखुशीने आले’ या तुमच्या वाक्याला म्हणूनच अर्धाच अर्थ आहे.

शिवाय हे युरोपने आपल्याला शिकवण्याचं काम नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारी बंद केली, आणि १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने ती नेमकी कशी ओळखायची ते सांगितलं. त्या कायद्याचं कलम २ प्रत्येक निर्यातदाराने एकदा तरी शांतपणे वाचावं. आगाऊ रक्कम घेतली आहे, आणि तिच्यापायी माणूस नाममात्र मजुरीवर काम करतो किंवा दुसरीकडे काम धरण्याचं अथवा हिंडण्या-फिरण्याचं स्वातंत्र्य गमावतो, तर ती वेठबिगारी. या अटींपैकी एक असली तरी पुरते. आणि ‘नाममात्र मजुरी’ म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी, असं तोच कायदा सांगतो. १९८२ मध्ये आशियाई स्पर्धांच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत करून घेतलेलं काम हे अनुच्छेद २३ मधलं सक्तीचं श्रम आहे, कारण भूक हीदेखील सक्ती असते. १९८५ च्या दुरुस्तीने ठेकेदारामार्फत आलेले आणि परराज्यातून आलेले मजूरही यात येऊ शकतात हे स्पष्ट केलं, म्हणजे गुजरातमधल्या डांगमधून येणाऱ्या टोळ्याही सुटत नाहीत. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १५ प्रमाणे कर्ज देणाऱ्यावर आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड, आणि असं कर्ज आपोआप रद्द होतं.

म्हणजे उचल बेकायदा आहे का? नाही. उचल आणि किमान वेतनापेक्षा कमी मजुरी एकत्र आली, किंवा उचल आणि ‘फिटेपर्यंत जायचं नाही’ एकत्र आलं, की बेकायदा. आपल्या भागातली बहुतेक प्रकरणं या सीमेच्या दोन्ही बाजूंना लोंबकळत असतात, आणि बागायतदाराला बरेचदा ते माहीतही नसतं, कारण हिशेब टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत असतो. म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीतून बाहेर काढून उजेडात आणा. बाकीची कामं त्यामागून सोपी होत जातात.

आधी मजुरीचा हिशेब. पुढचे आकडे रीत कळावी म्हणून घेतलेत, दर म्हणून नाहीत. समजा विरळणीचा एकरी उक्ता (कामाचा ठोक दर) ९,००० रुपये ठरला. वीस जणांच्या टोळीला दीड दिवस लागला, म्हणजे तीस मनुष्यदिवस, डोकी ३०० रुपये. मुकादमाने त्यातून दहा टक्के काढले की उरले २७०. हे २७० त्या दिवशीच्या शेतमजुरीच्या किमान वेतनाशी, विशेष भत्त्यासह, ताडून पाहायचे. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून जुना तक्ता भिंतीवर लावून ठेवू नका, जानेवारीत आणि जुलैत नवा घ्या. उक्त्यात फसगत कुठे होते? दर ठरतो बाग नजरेने पाहून, आणि वेळ लागतो वेलीवरच्या घडांच्या संख्येप्रमाणे. फुलोऱ्यात पाऊस पडून डाऊनी (बुरशीचा रोग) आली, घड साफ करत विरळणी करावी लागली, की दीड दिवसाचे अडीच दिवस होतात आणि डोकी मजुरी १८० वर येते. कुणाच्याही मनात पाप नसताना किमान वेतन मोडलं जातं. उपाय एका वाक्याचा आहे आणि तो सौद्यात लिहून ठेवा: उक्त्याला मनुष्यदिवसांनी भागून किमान वेतनापेक्षा कमी आल्यास फरक बागायतदार देईल, आणि मुकादमाची बिदागी उक्त्याबाहेर, वेगळी दिली जाईल.

आता उचल. नवरा-बायकोच्या जोडीला २०,००० दिले. जोडी दिवसाला ९०० कमावते असं धरा. कपात चौथ्या हिश्शाच्या वर नेऊ नये, नाहीतर रोजचा शिधा भागत नाही आणि माणूस पुन्हा मुकादमाकडे हात पसरतो. चौथा हिस्सा म्हणजे २२५. हंगामात खात्रीचं काम ४० दिवसांचं. म्हणजे फिटणार ९,००० आणि बाकी राहणार ११,०००. हीच बाकी पुढच्या साली ‘तू माझ्याचकडे यायचं’ म्हणून पुढे येते. तिसऱ्या-चौथ्या साली ती मजुरापेक्षा मोठी होते, आणि एखाद्या घरात बापाची बाकी पोराच्या नावावर चढते. तेव्हा उलट्या बाजूने हिशेब करा. खात्रीचे दिवस गुणिले परवडणारी कपात, एवढीच उचल. इथे ती ९,००० येते. त्याच्या वर द्यायचं असेल तर ते वसूल न करण्याच्या बोलीवर द्या: येण्या-जाण्याचं भाडं आणि पहिल्या आठवड्याचा शिधा हा मालकाचा खर्च, उचलीत धरायचा नाही. उचलीवर व्याज नाही. हंगामाअखेर बाकी उरली तर ती कामाशी बांधलेली नाही, घरच्या कुणावर नाही, आणि तिच्यापायी झालेल्या कामाची मजुरी अडवायची नाही. हे मराठीत एका पानावर लिहा आणि कोकणा, वारली किंवा डांगी बोलणाऱ्या माणसाकडून टोळीपुढे वाचून घ्या.

उचल एकदम बंद करू नका. ऑडिटच्या धाकाने काही जण तसं करतात, आणि पावसाळ्यात दवाखाना किंवा लग्न निघालं की तेच कुटुंब सावकाराच्या दारात उभं राहतं. तिथे व्याजही आहे आणि कागदही नाही.

पैसे देताना मुकादमाच्या हातून नको. मुकादम स्वतः दोन बागायतदारांकडून ठोक रक्कम उचलून बसलेला असू शकतो, आणि मग तो टोळी घट्ट धरून ठेवतो ते त्याच्या गळ्यातल्या फासापायी. उचल प्रत्येक जोडीच्या हातात, साक्षीदारासमोर, नवऱ्याचा आणि बायकोचा हिस्सा वेगळा मांडून द्या. ‘जोडीचा हिशेब’ या शब्दाखाली बाईची मजुरी कागदावरून पुसली जाते आणि मग समान मजुरीच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसतं. मजुरी आठवड्याला, बाजाराच्या आदल्या दिवशी. शेवटच्या दिवशी एकरकमी हिशेब ही पद्धत बंद करा, मजुरी अडकवून ठेवणं हे सक्तीच्या श्रमाचं सगळ्यात ठळक लक्षण मानलं जातं. खातं असेल तर खात्यात द्या, पण बँक चाळीस किलोमीटरवर आणि एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात अशी स्थिती असेल तर खात्यातले पैसे रोखीपेक्षाही धोक्याचे.

आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, एटीएम यांतलं काहीही कुणी ठेवून घ्यायचं नाही, ‘सांभाळायला’ म्हणूनही नाही. वय पाहण्यासाठी कागद बघा, शेवटचे चार अंक टिपा, तिथेच परत द्या.

नोंदवही कशी असावी? ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या नोंदणी यंत्रणेमुळे औषधाचा अंश कंटेनरपासून प्लॉटपर्यंत शोधता येतो, हे नाशिकने कमावलेलं कौशल्य आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला तेव्हा ज्यांनी ते कधी वापरलं नव्हतं त्यांचाही माल अडचणीत आला होता, आणि त्यातून आपण प्लॉटवार नोंदी शिकलो. आता त्याच प्लॉट नंबराखाली मजुरीची नोंद ठेवायची. तारीख, प्लॉट नंबर, काम, टोळीतल्या प्रत्येकाचं नाव आणि गाव, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, उक्ता किंवा रोज, निघालेले मनुष्यदिवस, डोकी मजुरी, कपात, हातात दिलेली रक्कम, उरलेली उचल, सही किंवा अंगठा. याची एक चिठ्ठी मजुराला. उरलेल्या उचलीचा आकडा चिठ्ठीवर असलाच पाहिजे, मजुराला तो रोज दिसला की वाद निम्मे संपतात. वही शेतकऱ्याकडे, फोटो दर आठवड्याला पॅकहाऊसकडे, आणि पॅकहाऊसने तो लॉट नंबराशी जोडून ठेवायचा. जपणूक किमान पाच हंगाम.

वेळेची नोंद का? डिपिंग भल्या सकाळी आणि सांजेला चालतं, काढणी पहाटे, आणि कंटेनर भरायचा असला की पॅकहाऊसमधल्या बायका रात्री उशिरापर्यंत उभ्या असतात. जादा तासांची मजुरी दुप्पट दराने द्यायची असते. ‘आज थांबलीस तरच उद्या ये’ असं सुपरवायझर म्हणाला तर ते धाकाच्या व्याख्येत जातं. परतीची गाडी रात्री दहानंतर नसेल तर थांबणं स्वखुशीचं म्हणता येत नाही, म्हणून गाडीची व्यवस्था हा पॅकहाऊसचा प्रश्न.

राहण्याची जागा पाहायला स्वतः जा. औषधं ठेवायच्या शेडमध्ये झोपणं, विहिरीचं न तपासलेलं पाणी, शौचालय नाही, अंधारात वाट नाही, ही सगळी सक्तीच्या श्रमाच्या लक्षणांत मोडतात. कुंपणाला बाहेरून कुलूप लावायचं नाही, राखणीच्या नावाखालीही नाही.

मुलांबद्दल थोडंच सांगतो, पण त्यात तडजोड नाही. बागेत आलेली पोरं काम करत नसली तरी त्यांची नोंद ठेवा, जवळच्या अंगणवाडीत किंवा शाळेत बोला. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढ्या राखायला दिली गेल्याचं उघड झालं. म्हणजे उचलीपायी मूल गहाण पडणं आपल्याच जिल्ह्यात घडलंय. मुलाबाबत काही दिसलं तर १०९८, कायदेशीर मदतीला १५१००, आणि वेठबिगारीसाठी जिल्हाधिकारी आणि प्रांताधिकारी यांच्या दक्षता समित्या कायद्यानेच असायला हव्यात.

टोळीशी बोलायला मुकादम नको, बागायतदार नको, बायकांशी बोलताना पुरुष समोर नकोत. लांबलचक प्रश्नांपेक्षा तीन प्रश्न पुरतात. उद्या घरी जायचं झालं तर काय होईल? उचल किती घेतली, किती फिटली? आधार आणि पासबुक कुठे आहे? पहिल्या प्रश्नावर माणूस गप्प झाला, मुकादमाकडे बघू लागला, तर ते उत्तरच आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीतल्या आकड्याशी जुळलं नाही तर वही चुकीची आहे असं धरून चाला.

आणि काही सापडलं तर? इथे सगळ्यात मोठी चूक होते: टोळी हाकलून द्यायची, त्या शेतकऱ्याचा प्लॉट सोडायचा, वही स्वच्छ करायची. ज्याचं नुकसान झालं त्याचंच काम जातं आणि उचल तशीच डोक्यावर राहते. योग्य क्रम असा: कागदपत्रं त्याच दिवशी परत, अडकलेली मजुरी आणि किमान वेतनातला फरक त्याच आठवड्यात, उचलीची बाकी माफ केल्याचं लेखी, घरी जायचं त्याला भाडं, राहायचं त्याला नव्या अटींवर काम. धाक, मारहाण, कोंडून ठेवणं असेल तर प्रांताकडे तक्रार, ते तुमच्या पातळीवर मिटवायचं प्रकरण नाही. मग हे सगळं खरेदीदाराला कळवा. लपवलेलं सापडण्यापेक्षा सुधारलेलं सांगितलेलं उपयोगी पडतं. मलेशियातल्या टॉप ग्लोव्ह या हातमोजे कंपनीचा माल अमेरिकेने २०२० मध्ये अडवला. परदेशी कामगारांनी नोकरीसाठी दलालांना दिलेले पैसे आणि त्यातून आलेलं कर्ज हा त्यातला मुख्य मुद्दा होता. कंपनीने कामगारांना तीन कोटी डॉलरहून जास्त रक्कम परत केली, राहण्याच्या जागा सुधारल्या, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी उठली.

कागदावर चुका कशा पकडल्या जातात तेही सांगतो. स्टॅम्प पेपरवर ‘मी स्वखुशीने काम करतो’ असा अंगठा घेऊ नका. त्याची पुरावा म्हणून किंमत शून्य, उलट ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा कशासाठी घेतला असा प्रश्न निघतो. महिनाभराची हजेरी एका शाईत, एका हस्ताक्षरात, एकही खाडा नाही, होळीलाही सगळे हजर, अशी वही तपासणाऱ्याला पहिल्या पानावरच कळते. खाडे असलेली, खाडाखोड असलेली, डाग पडलेली वही जास्त विश्वासाची. आणि शेतकऱ्याकडून ‘सगळी जबाबदारी माझी’ असं लिहून घेऊन पॅकहाऊसची सुटका होत नाही, चौकशीत बघतात ते तुम्ही काय शोधलं आणि काय केलं.

इथे शेतकऱ्याच्या बाजूने बोलणं भाग आहे. दर पाडून, पैसे तीन महिन्यांनी देऊन, आणि वर मजुरीच्या वह्या मागून हे होणार नाही. मजुरी दर आठवड्याला द्यायची तर शेतकऱ्याच्या हातात हंगामाच्या मध्ये पैसा हवा. सौद्याच्या रकमेचा एक हप्ता विरळणीच्या वेळी द्या. आणि हीच गोष्ट खरेदीदारालाही विचारा: आयत्या वेळी वाढवलेली ऑर्डर, महिनोन्‌महिने लांबलेलं पेमेंट, ऑडिटचा खर्च आमच्या माथी, यावर तुम्ही काय करणार? चौकशीत आयातदाराची खरेदीची पद्धतही तपासली जाऊ शकते, म्हणून हा प्रश्न विचारायला तुम्ही कमी पडू नका.

द्राक्षाबाहेरच्यांसाठी थोडं. मालेगावच्या यंत्रमागावरचं कापड अमेरिकेला जाणाऱ्या कपड्यात शिरणार असेल तर सुताचा आणि कापसाचा उगम बिलांसह जपा, कापूस शिनजियांगच्या कायद्याखालच्या पहिल्या धोक्याच्या यादीत आहे. अंबड-सातपूरच्या इलेक्ट्रिकल आणि वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांनी ॲल्युमिनियम आणि पीव्हीसी कुठून येतं ते पाहावं, २०२४ मध्ये ते त्या यादीत आले. साखरेच्या बाबतीत डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या सेंट्रल रोमानाची साखर अमेरिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अडवली. अडकलेली मजुरी, एकटं पाडणं, जादा तास, वाईट वस्त्या ही कारणं दिली होती. २०२५ मध्ये ती बंदी उठली. ऊसतोडीच्या कोयत्याची (तोडणाऱ्या जोडीची) उचल पाहिलेल्या कुणालाही ही कारणं वेगळी समजावून सांगायला नकोत.

आता त्या प्रश्नावलीला काय उत्तर द्यायचं ते. ‘सक्तीचे श्रम आहेत का’ या चौकोनात ‘नाही’ अशी खूण करून पाठवू नका, कारण ते तुम्ही तपासलेलंच नाही. लिहा की, आमच्याकडे इतके प्लॉट आहेत, त्यांपैकी इतक्यांवर बाहेरगावच्या टोळ्या काम करतात, उचलीची पद्धत आहे, तिच्यात धोका आहे हे आम्ही ओळखलं आहे. या हंगामात पहिल्या टप्प्यात इतक्या प्लॉटवर मजुरीची नोंदवही सुरू करतो आहोत, टोळ्यांशी स्वतंत्र बोलणं अमुक महिन्यात होईल, त्याचा गोषवारा अमुक तारखेला पाठवू. सोबत कोऱ्या नोंदवहीचं एक पान आणि उचलीच्या अटींचं पान, मराठी आणि इंग्रजीत. मजुरांची नावं, आधार क्रमांक, फोटो पाठवू नका, मागितले तरी नाही, ते पाहायचे असतील तर इथे येऊन पाहावेत. पहिल्या वर्षी दहा-बारा प्लॉट पुरे, पण ते मोठ्या टोळ्यांचे आणि लांबच्या वस्तीवरचे निवडा, रस्त्याकडेचे सोयीचे नकोत.